मामा, राजीनामा आणि हयातीचा दाखला

सरकारी नोकर राजीनामा द्यायला निघाला आहे, हे नुसत्या चालीवरून ओळखणारे गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे गंगापूरचे मामा. क्रांती चौकात सिग्नलला तुंबलेल्या गर्दीतून ते नेमकं बोट दाखवतात, "त्यो निळ्या शर्टवाला. उद्या सकाळी देतोय." हा आजार म्हणे आधी मानेत दिसतो. साहेबाची बोलणी खाल्लेल्याची मान खाली असते. राजीनामा ठरवलेल्याची मात्र घोड्यावरच्या नवरदेवासारखी ताठ होते. तशी मान दिसली की मामांना घास गिळवत नाही. ते ओळख काढतात, चहा पाजतात, त्याच्या साहेबाला त्याच्याहून मोठ्या शिव्या देतात आणि माणूस थंड पडेपर्यंत उठत नाहीत. एकदा उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात हातात लिफाफा धरून बसलेल्या एका ताठ मानेवाल्याला त्यांनी दोन तास धरून बसवलं. नियम सांगितले, बायकामुलांची आठवण करून दिली, देवाची शपथ घातली. शेवटी तो हमसून रडायला लागला. मामा खूश. मग कळलं, तो कुठल्याशा खाजगी कंपनीत औषधं विकत होता आणि आपल्याला सोडण्यापुरतीसुद्धा पेन्शन नाही, याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच वाईट वाटलं होतं.

आता अशा माणसाने स्वतः कधीकाळी पाटबंधाऱ्याची पक्की नोकरी राजीनामा देऊन सोडली होती, हे कुणाला खरं वाटेल? पण सोडली होती. का सोडली, हे मात्र आमच्या सासुरवाडीतलं सर्वांत मोठं कोडं. माझ्या लग्नात मी ऐकलं की साहेबाने त्यांच्या आईवरून शब्द काढला. मेहुणीच्या लग्नात त्याच साहेबाने पाण्याची चोरी झाकायला सांगितली. पुढे एका बारशात तर साहेब बंदूक घेऊन कालव्यावर आला आणि मामांनी त्याला बंदुकीसकट पाण्यात ढकललं. ऐकणारी मंडळी बदलली की साहेब बदलायचा. मला मात्र खरा साहेब बघायची फार उत्सुकता होती.

तो दिसला माझ्याच राजीनाम्याच्या दिवशी. मीही सरकारी कचेरीत होतो, वीस वर्षं व्हायला जराशी कसर होती. नव्या साहेबांनी जागा पुरत नाही म्हणून माझी खुर्ची उचलून संडासाच्या दाराला लावली. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाहून ओशाळं हसायचा. रात्रभर तळमळलो आणि सकाळी मान ताठ करून बायकोला म्हणालो, "आज देतोय." तिने निमूट मामांना फोन लावला. गंगापूरची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, हे जगाला ठाऊक आहे. पण मामांनी ड्रायव्हरला सांगितलं की पेशंट सिरियस हाय, आणि ती जीप म्हणे रिकामीच अशी सुटली की वाटेतल्या एसटीने बाजूला होऊन सलाम केला. मामा दारात आले तेव्हा मी पोहे खात होतो.

"पेशंट जेवायलाय म्हणजे आशा हाय," असं म्हणत ते समोर बसले. "बोला जावईबापू. काय म्हणला साहेब?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी साहेबाच्या सात पिढ्या मनापासून धुतल्या. मग म्हणाले, "वीस भरू द्या. मग रीतसर नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या, मी हार घेऊन येतो. घरी दोन्ही दारांनी जाता येतंय. पर निवृत्तीच्या दारानं गेलात तर नोकरी तुमच्या मागं घरापर्यंत येती. राजीनाम्याच्या दारानं गेलात की तुमी तिथं कधी नव्हताच. फंडात घातलेलं तेवढं तुमचं तुमाला. पेन्शन नाय, ग्रॅच्युइटी नाय. केलेली नोकरी पुसली."

"मग तुम्ही का दिलात?" मी वैतागून विचारलं. "आणि बंदूक मध्ये आणू नका."

मामांनी माझ्या बशीतले दोन शेंगदाणे उचलले आणि बराच वेळ चावले.

"कायबी झालं नव्हतं," ते म्हणाले. "साहेब सगळ्यांदेखत बोलला, थोडंसंच. म्या रागात कागद ठिवला. वाटलं, म्हणंल, अहो बसा, पाणी घ्या. कुणीतरी म्हणंलच की. लई हळू निघालो. कालव्याच्या पुलापर्यंत मागं बघत गेलो. डबा खायच्या आत मंजूर झाला. लई चांगला माणूस व्हता साहेब, जावईबापू. त्याला वाटलं, मला खरंच जायचंय."

बायकोने आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. मी कचेरीत गेलो आणि त्याच खुर्चीत बसलो. पुढे महिनाभर मामा अधूनमधून गंगापूरहून यायचे, माझ्याशेजारी स्टूल ओढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वारा मात्र हितंच चांगला लागतोय." यथावकाश वीस वर्षं भरली. पण तोवर साहेबांची बदली झाली होती आणि मला त्या जागेची गोडी लागली होती. कचेरीतली एकही बातमी माझ्यावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. थेट निवृत्तीलाच उठलो.

आता दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. तुम्ही अजून जिवंत आहात ना, हे सरकार वर्षातून एकदा पेन्शनवाल्यांना विचारतं आणि त्यासाठी अंगठा मागतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर येतात, रांग लावतात, थरथरत्या म्हाताऱ्यांचे अंगठे धोतराला पुसून कोरडे करून देतात. गेल्या खेपेला काउंटरवरच्या नव्या मुलीने त्यांनाही हाक मारली, "आजोबा, तुमचा राहिला."

"आमचा नसतोय, बाई," मामा म्हणाले. "आमी हाव का नाय, ते आमाला कुणी इचारत नाय."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. मामांची मान त्या दिवशी पहिल्यांदाच मला खाली दिसली. मी कप ठेवला आणि काउंटरवरच्या त्या मुलीच्या आवाजात विचारलं, "मामा, आहात ना?"

त्यांनी आधी मला निरखून पाहिलं. मग बशीत सांडलेल्या चहात अंगठा बुडवला आणि टेबलावर सावकाश, नीट दाबून उमटवला. हॉटेलवाला फडकं घेऊन आला. त्याला म्हटलं, थोडं थांब, वाळू दे.