रहीमाबीची जागा

परवा शिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला गेले होते... आणि देवाच्या दारात चक्क खोटं बोलून आले. ऐंशीच्या घरात मला हे सुचावं, याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण ते खोटं मूळ माझं नाही, बाबांचं आहे. म्हणून सगळं सांगावंच लागेल.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मार्कंडा आता गडचिरोलीत, पण तेव्हा तो वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. आम्ही मूल गावचे, बाबांचं मुरमुरे-फुटाण्याचं दुकान. जत्रा आली की बंडी जुंपायची, वैनगंगेची रेती ओलांडायची आणि देवळाच्या वाटेवर आपल्या जागी पाल ठोकायचं.

जागा ठरलेली म्हणजे ठरलेली. कागद नाही, पावती नाही, पण एकाच्या जागेवर दुसरा बसत नसे. कोणी आलं नाही तर शेजाऱ्याने ती झाडून, सडा टाकून रिकामी ठेवायची... आणि त्या गोष्टीचा सगळ्यांना भारी अभिमान.

आमच्या शेजारची जागा रहीमाबीची. आमच्याच गल्लीतली, बांगड्या विकणारी विधवा बाई. हात असा हलका की बांगडी कधी चढली कळायचं नाही, आणि तोंड असं फटकळ की गिऱ्हाईक बांगडीपेक्षा बोलणंच जास्त खाऊन जायचं. बाबा तिला बाई म्हणत, ती त्यांना भाऊ.

तिची एकुलती एक मुलगी नागपूरला दिलेली. फाळणीनंतर जावई बायकोला घेऊन कराचीला गेला आणि लेकीचं माहेरपण करायचंच राहून गेलं. मुलीच्या बाळंतपणाला रहीमाबी तिकडे गेली, परत आली. मग मुलीला क्षय झाला म्हणून पुन्हा गेली... ती मुलीला मातीत ठेवूनच मोकळी झाली.

मागे तान्हं नातवंड. ते पायावर उभं राहीपर्यंत कशी निघणार? जावयाने दुसरं लग्न केलं, नव्या बाईने पोर पदराखाली घेतलं, तेव्हा कुठे ही परतली. पण परतायला कागद मिळाला तो तिकडचा पासपोर्ट. म्हणजे स्वतःच्या घरी आली ती पाहुणी म्हणून, मुदतीवर.

मुदत संपत आली तसा वकिलाने नागरिकत्वाचा अर्ज लिहून दिला. बाई कायमची गेली नव्हती, घर तिचं इथेच होतं, असं सांगणारा इथला एक भला माणूस हवा होता. बाबा मोठ्या हौसेने तयार झाले. चांद्याला जाताना मीही गेले, रेल्वेत बसायला मिळतं म्हणून.

वकिलाने बजावलं होतं... विचारतील तेवढंच सांगायचं. बाई जत्रेला दुकान लावते, एवढं पुरे. बाबांनी मान डोलावली.

कचेरीतला साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना बसायला खुर्ची दिली. रहीमाबी दाराशी उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि त्या दिवशी तिचं तोंड एकदम बंद.

बाबांनी जत्रेचं सांगितलं. तिथेच थांबायचं ना... पण त्यांना वाटलं, आपल्या माणसांची खरी थोरवी साहेबाला कळायलाच पाहिजे. छाती काढून म्हणाले, "साहेब, तीन साल बाई आली नाई, पन तिची जागा आमी कोनाले देल्ली नाई जी."

साहेबाने मान वर केली. "तीन वर्षं नव्हती?"

"नाई जी. एकाबी जत्रेले नाई. जागा मीच झाडत जाओ."

साहेब लिहू लागला. ती नव्हती, एवढं कागदावर आलं. जागा झाडून ठेवली होती, हे कुठे लिहायचं असतं?

अर्ज नामंजूर झाला. इतर कारणंही असतील, वकील म्हणाला तसं... पण बाबांना ते कधी पटलं नाही. ते तिच्या अंगणात जाऊन खाली मान घालून उभे राहिले, तर उलट तिनेच समजूत काढली. "तुमी झूट थोडीच बोलले भाऊ? जागा तर ठेवली ना तुमी."

जाताना तिने दुकानाची सतरंजी आमच्याकडे ठेवली. नवऱ्याची कबर इथे, मुलीची तिकडे. गाडीत बसली तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या तेवढ्या नीट सारख्या केल्या.

पुढच्या जत्रेत बाबांनी नेहमीसारखी तिची जागा झाडली. मग कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. उठले, सतरंजी अंथरली आणि तिच्यावर आईच्या चार बांगड्या मांडल्या.

बायका विचारायच्या, रहीमाबी कुठी? बाबा मुरमुरे मोजता मोजता म्हणायचे, "आत्ताच उठली. पान्याले गेली असन. येतेच." जन्मभर एक खोटा शब्द न बोललेला माणूस! पाय चालत होते तोवर दर जत्रेत त्यांनी हेच सांगितलं. रहीमाबी तिकडे कधी वारली, कशी वारली, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा ती जागा मी अंदाजानेच शोधली. खेळण्यांची दुकानं, स्पीकरचा गोंगाट... आणि दोन दुकानांच्या मध्ये एक सतरंजी मावेल एवढी फट. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेना.

तेवढ्यात एक पोरगी बांगड्यांची टोपली घेऊन आली. "आजी, इथी कोनी बसते का?"

"बसते ना," मी म्हटलं. "पाण्याला गेलीय. येईलच आत्ता."

तिने एका शब्दाने विचारलं नाही. टोपली उचलली आणि पुढे गेली.

बाबा, त्या दिवशी साहेबासमोर एवढंच म्हणायचं होतं हो...