नळी घशात असताना आलेला आवाज

मार्चमधला मंगळवार, म्हैसूर. सकाळची पहिली केस. ऑपरेशन थिएटरात हजर: मी (भूलतज्ज्ञ), सर्जन, टेक्निशियन सुमित्रा आणि टेबलावर वसंतराव, मंडी मोहल्ल्यातले शिंपी. आत मराठी बोलणारे मी आणि वसंतराव, दोघंच. बाहेर त्यांची बायको, शांताक्का.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी अमावास्येला गाडी घेतलेली बाई आहे, त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नव्हती.

वसंतरावांचं स्वरयंत्र काढायचं होतं. गाठीमुळे आवाज आधीच गेलेला, उरली होती नुसती घरघर. झोपेचं औषध दिलं की स्वतःचा श्वास थांबतो, आणि अशा घशात नंतर नळी गेली नाही तर संपलंच. म्हणून घसा बधिर करून, ते जागे असतानाच, नाकातून कॅमेऱ्याच्या मदतीने नळी श्वासनलिकेत घातली. बाजूने हवा जाऊ नये म्हणून नळीभोवतीचा फुगा भरला. मॉनिटरवर श्वासाचा ग्राफ व्यवस्थित. मी औषधाची सिरिंज उचलली...

"थांबा, डॉक्टरम्मा."

स्वच्छ, भरदार आवाज. मराठीत.

"मातनाडबेडी, अप्पा!" बोलू नका म्हणून सुमित्रा सवयीने ओरडली... आणि माझ्याकडे बघतच राहिली. स्वरतंतूंच्या मधून नळी गेलेली, फुगा भरलेला. माणूस बोलूच शकत नाही.

सर्जन हात धूत होते. "कोण बोलणार, मॅडम? कॉफी कमी करा."

तेवढ्यात ग्राफ सपाट! नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. वसंतराव तडफडायला लागले. मी नळी ओढून काढली. ते जोरात खोकले आणि स्वतःच श्वास घेऊ लागले. औषध गेलं असतं तर ते जमलं नसतं. मग सर्जननी मान बधिर करून श्वासासाठी गळ्यातूनच वाट केली. ऑपरेशन पार पडलं.

नंतर मी सगळं तपासलं. शेजारचं थिएटर रिकामं, फोन बाहेर. वसंतरावांना विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली... काही आठवत नाही.

सुमित्राने शांताक्काला सांगून टाकलं. ती धावत आली. "आवाज कसा होता वो, मेडम? घरघर, की चांगला?"

"चांगला."

तिने फोन काढला. "आजार लागल्यापासून तसा आलाच नव्हता बघा." मग तिने मला त्यांच्या जुन्या भजनाची क्लिप पाठवली. "ऐका आणि सांगा. तोच असला तर... शेवटचं तुमच्याशी बोलले म्हणायचं."

रोज संध्याकाळी कामांची यादी बघते, एकेकावर काट मारते. क्लिप ऐकायची तेवढी राहिली आहे.