गुरुजींशी केलेला सौदा
ओल्या पाटीचा वास आला की आमच्या किनाऱ्यावरच्या देवळाची ओसरी आठवते. तारापूरचं वीजकेंद्र बांधलं जात होतं, तेव्हा तिथे दुपारी कोळणींचा साक्षरतेचा वर्ग भरे. बाहेर बोंबील वाळत, आत आम्ही अक्षरं गिरवत असू. पहिल्याच दिवशी गुरुजींनी प्रत्येकीला विचारलं, कुठवर शिकायचं? बाकीच्या म्हणाल्या, सहीपुरतं. मी म्हणाले, "मना कागद वाचाचा हाय. भावानं माजा आंगठा घेऊन बापाची जागा आपल्या नावावर केली, त्यो कागद." "वकीलीन होनार गो ही!" शेजारीण हसली. मी तिच्यावर कडाडले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "दस्ताची भाषा कठीण असते, बाई. दोन वर्षं लागतील." बाजारात मी कुणाला निम्म्यावर मागू देत नसे, पण इथे मीच गिऱ्हाईक होते. "एक वरीस. होळी ते होळी." गुरुजी हसले, "ठरलं." होळी आली नि गेली, तरी मी साधा धडाही अडखळत वाचत होते. लाजेने वर्गाला जायचं सोडलं. चौथ्या दिवशी गुरुजी सायकल धरून माझ्या दारात उभे. म्हणाले, "यंदा होळी जरा लवकर आली, बाई. अजून मुदत आहे." तो कागद मी पुढच्या वर्षी स्वतः वाचला. भावाशी मी आजही बोलत नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाला एक मांदेली कधी फुकट वर घातली नाही. गुरुजींनी मला मात्र अख्खं वर्ष वर घातलं.