पिक्चरमधली आगगाडी आणि आमचे मामा

जगातल्या सिनेमांचे दोनच प्रकार आहेत, आगगाडी असलेले आणि वाया गेलेले, असे ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि ते माझे सख्खे मामा आहेत. मामा शेळगावला राहतात आणि हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या वाटेला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर मेलगाडीचा रुबाब येतो. सिनेमाचे नाव, नट, गोष्ट यांतले काहीही त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांच्या लेखी एक पिक्चर ‘पुलाचा’, दुसरा ‘बोगद्याचा’, तिसरा ‘कोळशाचा’. यात्रेतल्या तंबूत तिकीट काढण्याआधी ते खिडकीवरच्या माणसाला गाडी किती वेळ आहे ते विचारून घेत. एकदा तो ‘लई हाय’ म्हणाला. मध्यंतरापर्यंत नुसती बैलगाडीच दिसल्यावर मामांनी त्याला तंबूबाहेर गाठून अर्धा तास समज दिली आणि तेवढ्यात आत आगगाडी येऊन गेली.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. बारामतीच्या कॉलेजात माझे नाव घालायला मामाच आले होते. ते काम होताच त्यांनी मला स्टेशनवर नेले. दौंडची गाडी उभी होती. ती सुटून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही फलाटावर उभे राहिलो. मामा स्वतः तोवर कधीच रेल्वेत बसलेले नव्हते. मी कारण विचारले, तर म्हणाले, “आत बसल्यावर गाडी कुठं दिसती?” मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत, ‘ग्रॅज्वेट’ म्हणतात.

अशा माणसाची मुलगी रेल्वेत लागली. माझी मामेबहीण परीक्षा पास होऊन सहायक लोको पायलट झाली, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला साथ देणारी. मामा आता गावभर पेढे वाटणार असे आम्हाला वाटले, तर मामांनी पेढ्यांचे नावही काढले नाही. ट्रेनिंगला आठ दिवस उरले असताना त्यांनी तिला पाठवणार नाही म्हणून सांगितले. मामीने मला बोलावून घेतले. मी कारण विचारले तेव्हा मामांनी आयुष्यभर पाहिलेले सगळे सिनेमे माझ्यापुढे मांडले. पूल पडतो, डाकू घोड्यावरून येतात, हिरोची आई रुळावर जाऊन उभी राहते. पिक्चर खोटा असतो, असे मी म्हणालो.

“गाडी तर खरी असती ना?” मामा म्हणाले. “मागं वझं असल्यावर ब्रेक लगीच लागत न्हाय, ग्रॅज्वेट. दोन ट्रॉल्यांना लागत न्हाय, तितं तर वीस डबं. म्होरं कोण आलं तर पोरीनं काय करायचं?”

बहीण कागदपत्रे फाइलीत लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तात्या, अंथुर्ण्याच्या वाटंनं इतकी वर्सं तुमी कारखान्याला उसाचं वझं न्हेताय. आई कधी म्हणली का, जाऊ नका म्हणून?”

मामांनी मामीकडे पाहिले. मामी म्हणाली, “म्हणलं असतं तर ऐकणार हुता व्हय?”

दुसऱ्या दिवशी मामांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून बारामती स्टेशन गाठले आणि थेट इंजिनापाशी गेले. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. ब्रेक कसा धरतो, वाटेत किती लांबचे दिसते, जेवायला कधी मिळते, मामा विचारत राहिले आणि त्या भल्या माणसाने सगळे सांगितले. थांबायचे ठिकाण दिसण्याच्या किती तरी आधीच वेग कमी करायला लागतो, हे ऐकल्यावर मामांचा चेहरा जरा सैलावला. “म्हंजे आमच्यावानीच,” ते म्हणाले. घरी आल्यावर लेकीची फाइल मागून घेतली, प्रत्येक कागद उलटून पाहिला आणि तिला सोडायला आपण स्वतः जाणार असे सांगितले.

आता ती नोकरीवर आहे. मामा मोबाइलवर पिक्चर बघतात. परवा मी गेलो तेव्हा डब्याच्या टपावर हिरो-हिरोइनचे गाणे रंगात आले होते. मामांनी ते मध्येच थांबवले, दोन बोटांनी इंजिन मोठे केले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आत कोणी दिसत नव्हते.

“येवढं लांबडं गाणं,” ते हळूच म्हणाले, “आन म्होरच्याचं त्वांड एकदाबी दावलं न्हाय. त्याच्याबी घरी कुणीतरी वाट बघत असंल की, ग्रॅज्वेट.”