केळीचं सोपट आणि भगवं पाणी

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. वर्गात रसायनशास्त्र शिकवताना मी फळ्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते आणि पोरं माझ्यामागे माना फिरवत बसतात. पण त्या फाल्गुनात जी तगमग झाली ती नेहमीची नव्हती, आणि ती मीच हौसेनं ओढवून घेतली होती.

माझ्या थोरल्या नणंदेचा चिंचपोकळीला सुती कापड रंगवायचा एक गाळा आहे. ती त्याला कारखाना म्हणते आणि आम्हीही म्हणतो, कारण नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं धरून ठेवला आहे. पाडव्याच्या मिरवणुकांचे भगवे फेटे आणि शेले हा तिचा वर्षाचा मोठा हंगाम. शेजारी टॉवर उभा राहिला आणि वरून खाली बघणाऱ्यांना गल्लीच्या गटारातलं भगवं पाणी खुपायला लागलं. तक्रार गेली. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून एक साहेब आले आणि सांगून गेले, पुढच्या सोमवारी परत येईन, गटारात रंग दिसला तर गाळ्याला कुलूप लागेल.

आमच्या परळच्या घरी जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा भात ताटात तसाच निवत होता. मी मात्र भात कालवता कालवता म्हणून गेले की त्यात काय मोठं, केळीच्या सोपटानं होईल.

ते अगदीच हवेतलं नव्हतं. दादरच्या फुलबाजारात पूजेचे केळीचे खांब विकतात, त्यांची सोललेली सोपटं तिथेच ढिगानं पडलेली असतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी मी ती आणून गच्चीवर वाळवली होती, कुटून पोती भरली होती आणि त्यापायी सोसायटीच्या सेक्रेटरींशी दोनदा भांडलेही होते. जेवणं उरकल्यावर मी काचेच्या ग्लासात प्रयोगशाळेतला निळा रंग कालवला, त्यात त्या कुटलेल्या सोपटाचा मूठभर भुसा टाकला आणि ढवळत बसले. बघता बघता पाण्याचा निळा रंग गेला. नणंदेनं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. माझी कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर पोतं घेऊन कारखान्यात गेले. तिच्या भगव्या पाण्याच्या पिंपात भुसा ओतला, काठीनं ढवळलं, वाट पाहिली. पाणी भगवं ते भगवंच राहिलं. उलट भुशाचा स्वतःचा चहासारखा रंग उतरून ते आणखी गढूळ झालं. तिचे दोन कामगार आपापल्या कामाला लागले. नणंद म्हणाली, राहू दे, बघू उद्या. तिचं ते समजुतीचं बोलणं मला थपडेसारखं लागलं.

घरी येईपर्यंत मला कारण कळलं होतं, आणि ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळावं इतकं सोपं होतं. प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगावर धन भार असतो, सोपटावर ऋण. दोघं एकमेकांना ओढतात. नणंदेच्या रंगावरही ऋण भार, त्यामुळे सोपट त्याला जवळच करत नाही. शिवाय कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ती पाण्यात भरपूर मीठ आणि सोडा घालते, आणि सोड्यानं सोपटाचा ऋण भार आणखी वाढतो. जो रंग कापडाऐवजी पाण्याशीच संसार थाटून बसतो, तोच गटारात जातो. कापडानं नाकारलेल्याला सोपटानं तरी का घ्यावं?

तो आठवडा मी कुठेच धड नव्हते. वर्गात एकच समीकरण दोनदा लिहिलं. भाजी करपवली. नवरा म्हणाला, जरा बस गं, तर त्याच्यावरही खेकसले. उपाय मला माहीत होता, म्हणजे सोड्याचा जोर मोडायचा आणि पाणी आंबट करायचं. मग सोपटाचा स्वभाव पालटतो आणि ते भगव्या रंगालाही जवळ करतं. पण ग्लासातलं पिंपात जमेल याची खात्री नव्हती. लालबागच्या मसाल्याच्या दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. भुसा आधी पाणी नितळ होईस्तोवर धुतला. पिंपात लिंबूसत्त्व पडल्याबरोबर फेस वर आला आणि नणंद दोन पावलं मागे सरली. पहिल्या भुशानं पाणी पिवळं पडलं, तो काढून दुसरा टाकला तेव्हा फिकट झालं. रविवारी संध्याकाळी गटारात सोडलेलं पाणी पाहून तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण आत काहीतरी टोचत होतं.

सोमवारी साहेब आले. वाकून गटार पाहिलं, पिंप पाहिलं, भगव्या झालेल्या भुशाची पोती पाहिली आणि मी शिकवते हे कळल्यावर माझ्याकडे वळून सहज विचारलं, "मॅडम, पाणी साफ झालं ना आता?"

हो म्हणायला काय जात होतं? पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नसते.

"रंग गेलाय," मी म्हटलं. "मीठ आहे अजून. भरपूर आहे."

नणंदेचा चेहरा उतरला. साहेबांनी पुन्हा गटारात पाहिलं.

"माझ्याकडे तक्रार रंगाची आहे, मिठाची नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

कारखाना वाचला. मला मात्र संताप आला, त्या साहेबांचा, टॉवरवाल्यांचा आणि माझाही. ज्याला जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाहीच. नणंद कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. कामगारांना तिनं चहाला पाठवलं. मला वाटलं आता मला फाडून खाणार, आणि तिनं तसं करावं असं मला वाटतही होतं.

"गो, एक खरा सांग," ती हळू आवाजात, तिच्या मालवणीत म्हणाली. "मीठ दिसला असता, तर तू माझो कारखानो बंद करूक सांगलं असतंस?"

मी हो म्हटलं.

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. उठली, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं सोपटाचं रिकामं पोतं झटकून माझ्या हातात दिलं.

"मगे आता मिठाचा बघ," ती म्हणाली. "त्येका खंयचा झाड लागता ता शोधून काढ. तू काढशीत."

पाण्यात विरघळलेलं मीठ कुठलीही साल, कुठलंही सोपट, कसलाही भुसा धरून ठेवत नाही. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. साहेबांपुढे सुटलेली माझी जीभ तिच्यापुढे मात्र हलली नाही. मी पोत्याची घडी घातली आणि उद्या दादरला जाते म्हणाले.