एकोणतीस वह्यांतले पट्टे

आमच्या डिपार्टमेंटच्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतो, तसे आमचे किस्से साचलेत. थर वाढतोय, दार लागत नाही, आणि साफ कोणी करायचं यावर दोन वर्षं नुसती चर्चा चालू आहे! मी थकले. निदान थोडा खरवडून काढते.

यात माझी मैत्रीण प्रणाली बरेचदा येईल. ती रोज मौद्याहून बसने नागपूरला येते. गेल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. घरून स्पष्ट सांगितलंय, यंदा पुन्हा अडकलीस तर कॉलेज बंद.

*

तीस जणांत मायक्रोपिपेट एक. थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचं ते यंत्र सरांच्या कपाटात, कुलपात असतं. सर वर्षातून एकदा ते बाहेर काढतात.

"नाजूक वस्तू आहे. दुरूनच पाहा, समजते."

मी विचारलं, "सर, पोहणंही काठावरून पाहूनच येते का?"

उरलेलं प्रॅक्टिकल मी व्हरांड्यातून पाहिलं. तसाही काही फरक नव्हता!

*

प्रणालीच्या बाबांनी तिला एकदा विचारलं, "काय करता वं तुम्ही तिथं दिवसभर?"

"एका नळीतलं पाणी दुसऱ्या नळीत टाकतात, बाबा."

"एवढं पाणी टाकासाठी तू मौद्याहून नागपूरले जाते?"

"टाकतात सर. आम्ही पाहतो."

*

लाळेतलं एंझाइम स्टार्च फोडतं, हे पाहायचं प्रॅक्टिकल होतं. स्टार्च उरलं असेल तर आयोडीन टाकल्यावर निळा रंग येतो. लाळ ज्याची त्याने आणायची. वैभव नळीत थुंकला, आणि आयोडीनच्या आधीच नळी तपकिरी! तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

सर भयंकर चिडले, पण त्यांना बोलताच येईना. ते खिडकीपाशी गेले, बाहेर थुंकले, मग वळून ओरडले, "खर्रा खाऊन लॅबमध्ये येतो काय गा? लाज नाही वाटत तुले?"

*

डीएनए जेलमध्ये ठेवून वीज सोडायची, ते सरकतं आणि जेलवर पट्टे दिसतात. त्या दिवशी सरांनी तारा उलट्या लावल्या. डीएनए भलत्याच बाजूने बाहेर पडून पाण्यात गेलं. जेल कोरं.

"सीनियरच्या वहीतून पट्टे काढून घ्या," सर म्हणाले. दरवर्षीची पद्धत! एकोणतीस जणांनी पेन्सिलने सुरेख पट्टे काढले. मीसुद्धा. भांडायचाही कंटाळा आला होता. प्रणालीने कोरा चौकोन काढला. सरांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, 'अपूर्ण'.

परीक्षेला बाहेरून मॅडम आल्या. सगळ्या वह्या चाळून त्यांनी प्रणालीला बोलावलं. सर बाजूलाच उभे.

"तुझे पट्टे कुठे आहेत?"

"दिसले नाही मॅडम, म्हणून नाही काढले."

"का नाही दिसले?"

"तारा उलट्या लागल्या होत्या."

"कोणी लावल्या?"

सर पंख्याकडे पाहू लागले.

"मग बाकीच्या एकोणतीस जणांना कसे दिसले?"

हिने खरं सांगितलं तर आम्ही सगळे गेलो, आणि आपलीच चूक म्हणून कबूल केली तर हिचं कॉलेज गेलं.

प्रणाली म्हणाली, "मॅडम, ते हुशार आहेत."

मॅडमनी 'अपूर्ण' खोडलं, शेजारी पूर्ण मार्क दिले, सही केली. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"आण बाई तुझी वही. तूही हुशारच ना?"