भाऊजींची तिसरी दिशा

माझे दीर म्हणजे आकड्यांचं वेड. घरात कुणी ‘थोडंसं’ म्हटलं की ‘थोडंसं म्हणजे किती?’ विचारून डोकं उठवायचे. मी चिडवायची, ‘भाऊजी, तुमच्याशी लग्न करणारीला आधी फूटपट्टी गिळावी लागेल!’ ह्यांचा मात्र धाकट्या भावावर भारी जीव.

हे रंगारी. शिडीवरून पडले आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भाऊजींनी बरी नोकरी सोडून कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात आकडेवारीचं काम धरलं. तिथे प्रत्येकाच्या पायाचा वेगळा साचा काढत, त्यामुळे लवकर नंबर लागत नसे. चपलांसारखी तयार मापं ठरवली तर दादा लवकर उभा राहील, एवढंच भाऊजींच्या डोक्यात होतं.

मी बटाटे सोलत होते, तर त्यातला एक उचलून मला समजावू लागले.

‘वहिनी, प्रत्येकाची तीन मापं. उरलेल्या पायाची लांबी, घेर आणि हाडाची जाडी. प्रत्येक माणूस एक ठिपका, आणि सगळ्या ठिपक्यांचा मिळून असा ढग.’ त्यांनी बटाट्यात लांबीच्या बाजूने काडी खुपसली. ‘माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक ह्या दिशेने. दुसरी काडी तिला काटकोनात, कमी फरकाची. तिसऱ्या दिशेला फरक जवळजवळ नाहीच. ती सोडून द्यायची आणि दोन दिशांवर मापं पाडायची.’

‘आणि माझा बटाटा?’

‘भाजीत घाला. चपटा समजला म्हणून चव जात नाही.’

ह्याला प्रिन्सिपल कंपोनंट अनॅलिसिस म्हणतात म्हणे. नाव इतकं भारदस्त की मी पुन्हा बटाटे सोलायला घेतले.

पाय आला. हे भिंतीला धरून उभे राहिले तेव्हा आम्ही तिघंही रडलो. पण थोड्याच दिवसांत पायावर चढवायच्या मोज्याला रक्त दिसू लागलं. पाय बसवायची वाटी हाडाला काचत होती.

‘भाऊजींना सांगू का?’

‘खबरदार! नवीन आहे, बसेल हळूहळू. त्याने मापं काढलीत, चुकायची नाहीत.’

हे दात आवळून चालत राहिले. जखम चिघळली. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय कापला.

तोवर कारखान्यात इतरांच्याही तक्रारी आल्या होत्या. भाऊजींनी आकडे पुन्हा उघडले आणि तसेच दवाखान्यात येऊन मला सांगितलं. लांबी आणि घेर मिलिमीटरमध्ये होते, जाडी सेंटीमीटरमध्ये. आकडे दहापट लहान, म्हणून जाडीतला फरकही लहान दिसला. तिन्ही मापं एका पट्टीवर आणायची राहून गेली, आणि जाडीला सगळ्यांसाठी एकच सरासरी धरली गेली. ह्यांच्या पायाचं हाड तर जाडजूड.

‘एवढं शिकलात ते काय चुलीत घालायला?’ मी भर दवाखान्यात ओरडले. भाऊजी मान खाली घालून उभे. माझा राग आजही गेलेला नाही, आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

मग ते आत गेले आणि भावाला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ह्यांनी ऐकून घेतलं.

‘म्हणजे दुखत होतं ते खरंच दुखत होतं,’ हे म्हणाले. ‘मला वाटलं, मीच रडका झालोय.’